न बसलेली ट्राम: ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या घडणीच्या वाटेवर सहा दिवस

ए. फिलिप रँडॉल्फ हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय कामगारपुढारी. त्यांचं नाव घेतलं की नागरी हक्कांसाठी निघालेला १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आठवतो, फार तर पुलमन कंपनीच्या पोर्टरांची युनियन. पण रेल्वेच्या शयनयानात राबणाऱ्या कामगारांचा हा पुढारी स्वतः कधी पोर्टर नव्हता. तो घडला एका गरीब पाद्र्याच्या घरात, फ्लोरिडात. त्या घरात मुलांना काय शिकवलं यापेक्षा मुलांना काय वापरू दिलं नाही, हे जास्त महत्त्वाचं. हा प्रवास त्यासाठी आहे: १८८९ ते १९२५, क्रेसेंट सिटीपासून न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीपर्यंत.

नोव्हेंबरअखेर ते मार्च हा चांगला काळ. अटलांटिक चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि उन्हाळ्यात रोज दुपारी गडगडाटासह पाऊस कोसळतो. सुरुवात बुधवारी करावी. वार असा का निवडला, ते पुढे कळेल.

पहिला दिवस, बुधवार: जॅक्सनविल – क्रेसेंट सिटी – जॅक्सनविल

गाडी भाड्याने घ्यावीच लागते. क्रेसेंट सिटीला भरवशाची सार्वजनिक वाहतूक नाही. अंतर एका बाजूने साधारण १३० किलोमीटर, वेळ दीड ते दोन तास. फोनवरचा नकाशा आंतरराज्य महामार्गाने न्यायला बघतो. ते न ऐकता यूएस १७ हा जुना रस्ता धरावा: ऑरेंज पार्क, ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज, पलाटका, मग पुलावरून सेंट जॉन्स नदी ओलांडून सत्सुमा आणि पुढे क्रेसेंट सिटी. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. त्या काळात रस्त्यांपेक्षा बोटींची वाहतूक तिच्यावर जास्त होती, त्यामुळे गावंही तिच्या काठाने वसली. नदी डोळ्यांसमोर राहिली की या भागाचा भूगोल आपोआप समजतो.

महाराष्ट्रातलं लायसन्स इंग्रजीत असतं, त्यावर फ्लोरिडात पर्यटकाला गाडी चालवता येते. तरी भाड्याने देणारे कधी कधी आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो निघण्याआधी आरटीओतून काढून ठेवावा. काउंटरवर हुज्जत घालून उपयोग होत नाही.

क्रेसेंट सिटी दोन तळ्यांच्या मधे बसलेलं छोटं गाव आहे. इथे १५ एप्रिल १८८९ रोजी आसा फिलिपचा जन्म झाला. वडील जेम्स विल्यम रँडॉल्फ आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल म्हणजे एएमई चर्चचे पाद्री, आणि पोटासाठी शिंपी. आई एलिझाबेथ शिवणकामात तरबेज. थोरला भाऊ जेम्स दोन वर्षांनी मोठा. 'आसा' हे नाव बायबलच्या जुन्या करारातल्या राजाचं.

इथे तिकीटखिडकी किंवा वस्तुसंग्रहालय शोधू नका. तळ्याकाठी चक्कर मारावी, जेवावं, परतावं. अर्धा दिवस पुष्कळ झाला. १८९१ मध्ये कुटुंब जॅक्सनविलला गेलं तेव्हा आसा दोन वर्षांचा होता, म्हणजे या गावाची त्याला आठवण असण्याचा प्रश्नच नाही. तरीही इथे यावं ते जन्मवर्षासाठी. १८८९ मध्येच फ्लोरिडाच्या विधिमंडळाने मतदानासाठी डोईपट्टी लावली, म्हणजे माणशी कर भरल्याशिवाय मत नाही. त्याच वर्षी राज्याने जॅक्सनविलच्या नगरपालिकेची सनदही काढून घेतली, कारण तिथे कृष्णवर्णीय नगरसेवक निवडून येऊ लागले होते. म्हणजे दार बंद होत असताना हे मूल जन्मलं. त्याच्या वडिलांच्या पिढीने मात्र ते उघडं पाहिलं होतं. घरातल्या बोलण्यात हा फरक कायम राहिला.

एएमई चर्चबद्दल दोन ओळी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेल्या कृष्णवर्णीयांना ओढून उठवलं गेलं. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती उठले आणि चर्चमधून बाहेर पडले. त्यातून १८१६ मध्ये हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. 'अपमान होतो तिथे बसायचं नाही' हे या चर्चच्या मुळातच आहे.

परतताना पलाटकात थांबता येतं. अंधार पडायच्या आत निघावं. यूएस १७ च्या काही भागांत रात्री हरणं आडवी येतात.

दुसरा दिवस, गुरुवार: जॅक्सनविलचा मध्यभाग, पायी

आज गाडी हॉटेलवरच ठेवायची. या दिवसाला पूर्ण वेळ द्या, प्रवासाचा गाभा हाच आहे.

सुरुवात ॲडम्स आणि ओशन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरून. तिथे जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत अजून उभी आहे. कार्नेगीचा पैसा, वास्तुरचनाकार हेन्री जॉन क्लुथो, उद्घाटन १९०५. आता आत खासगी कचेऱ्या आहेत, त्यामुळे बाहेरूनच पाहायची. समोरच्या फुटपाथवर उभं राहिलं की दर्शनी खांब नीट दिसतात. फोटो दुपारनंतर घ्यावा हा नेहमीचा सल्ला इथे लागू पडेलच असं नाही, आजूबाजूच्या उंच इमारतींची सावली कधीही पडते.

या ग्रंथालयात कृष्णवर्णीयांसाठी वेगळी वाचनखोली होती. पाद्री रँडॉल्फ यांनी आपल्या दोन्ही मुलांना तिथे जायला मनाई केली. आसा तेव्हा सोळा वर्षांचा, पुस्तकांचा वेडा. घरात बायबल, शेक्सपिअर, चर्चची नियतकालिकं आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेले आफ्रिकेचा सेनापती हॅनिबल आणि गुलामांच्या उठावांचे म्होरके नॅट टर्नर, डेन्मार्क व्हिसी. शहरात पुस्तकांनी भरलेली नवी कोरी इमारत, आणि पुस्तकांवर जीव असलेल्या बापानेच तिची वाट बंद केलेली! हे वाचताना तोटा मुलांचाच झाला असं वाटतं, आणि झालाही असेल. पण वीस वर्षांनी हाच मुलगा पोर्टरांना सांगणार होता की पुलमन कंपनीने युनियनऐवजी देऊ केलेली, तिच्याच मुठीतली कामगार-योजना नाकारा. सोय नाकारणं म्हणजे काय, हे तो घरात शिकला होता.

ट्रामचंही तसंच, आणि ती गोष्ट तपशिलात पाहण्यासारखी आहे. १९०१ मध्ये शहराने ट्राममध्ये वेगळ्या जागा ठरवणारा ठराव केला. कृष्णवर्णीय प्रवाशांनी बहिष्कार टाकला, लोक पायी आणि घोडागाड्यांतून जाऊ लागले. १९०३ मध्ये तर कृष्णवर्णीयांच्या मालकीची एक ट्राम कंपनी शहराच्या उत्तर भागात धावू लागली. मग १९०५ मध्ये राज्याने कायदा आणला, ॲव्हरी कायदा. पुन्हा बहिष्कार. कृष्णवर्णीय वकील आणि नगरसेवक जे. डग्लस वेटमोर यांनी अँड्र्यू पॅटरसन या प्रवाशाच्या खटल्यातून कायद्याला आव्हान दिलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच जुलैत तो रद्द केला. कारण मजेशीर होतं: गोऱ्या मुलांना सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय दाईला गोऱ्यांच्या डब्यात बसायची सूट कायद्याने दिली होती, पण गोऱ्या दाईला उलट बाजूची सूट नव्हती. म्हणजे कायदा समान नव्हता! शहराने लगेच ती फट बुजवून नवा ठराव केला आणि १९०६ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला.

बहिष्कार ओसरला. बहुतेकांनी नाइलाजाने मागची बाकं धरली. पाद्री रँडॉल्फ यांच्या घरात मात्र नियम तोच राहिला: वेगळ्या बाकावर बसायचं नाही, चालत जायचं. चळवळ संपल्यावरही नियम पाळायचा, हे मला या साऱ्या हकिकतीतलं सगळ्यात कठीण काम वाटतं.

ग्रंथालयापासून थोडं पश्चिमेला जेम्स वेल्डन जॉन्सन पार्क. २०२० पर्यंत याचं नाव हेमिंग पार्क होतं. मधोमध महासंघाच्या, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या सैनिकाचा स्तंभ होता, तो पुतळा जून २०२० मध्ये उतरवला. बाक आहेत, झाडं आहेत, दुपारचा डबा इथे खाता येतो.

इथून ला व्हिला भागात जायला 'स्कायवे' ही छोटी उन्नत गाडी सोयीची. तिकीट नाही, पण ती शनिवार-रविवारी बंद असते. मधला वार निवडायचं एक कारण हे. चालत गेलात तर साधारण वीस मिनिटं.

३ मे १९०१ ची आग ला व्हिलातूनच पसरली. गाद्या भरायच्या कारखान्यात स्पॅनिश मॉस वाळत घातलं होतं, त्यावर ठिणगी पडली. दक्षिणेत झाडांवरून राखाडी जटांसारखं लोंबतं ते हे मॉस, वाळलं की कापसासारखं पेटतं. आठ तासांत १४६ ब्लॉक (चार रस्त्यांमधले इमारतींचे गट) आणि दोन हजार तीनशेहून जास्त इमारती गेल्या, सुमारे दहा हजार माणसं उघड्यावर आली. म्हणून आज या शहराच्या मध्यभागात १९०१ आधीचं फारसं काही दिसत नाही. 'रँडॉल्फच्या बालपणीचं जॅक्सनविल' शोधणारे इथे निराश होतात ते यासाठी. आसाच्या वयाच्या बाराव्या वर्षी ते जळून गेलं.

ॲशली स्ट्रीटवर जुन्या स्टँटन शाळेची इमारत आहे. ती १९१७ ची, १९०१ पूर्वीची आगीत गेली. आधीच्या शाळेचे मुख्याध्यापक जेम्स वेल्डन जॉन्सन. त्यांच्या गीतावर १९०० मध्ये पाचशे शाळकरी मुलांनी याच शहरात पहिल्यांदा सूर धरला आणि पुढे ते कृष्णवर्णीय अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणून ओळखलं गेलं. जवळच रिट्झ थिएटर आणि त्याचं संग्रहालय, तिथे एक तास ठेवावा. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा, कार्यक्रमांमुळे संग्रहालयाच्या वेळा बदलतात.

तिसरा दिवस, शुक्रवार: ईस्टसाइड, मग संध्याकाळची गाडी

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, मध्यभागातून ईस्टसाइडला चालत जा. दोन-अडीच किलोमीटर, अर्धा तास. वाटेत सावली कमी, पार्किंगच्या मोकळ्या जागा जास्त. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. टॅक्सी मिळते, पण रँडॉल्फ बंधूंनी ट्रामऐवजी निवडलेलं अंतर साधारण किती, ते पायांना कळू द्यावं. हा भाग फुटबॉल स्टेडियमला लागून आहे. सामन्याच्या दिवशी रस्ते बंद असतात, पार्किंगचे दर आकाशाला भिडतात. सामने बहुतेक रविवारी असतात, म्हणून शुक्रवार बरा.

पूर्वीच्या फ्लोरिडा ॲव्हेन्यूला आता ए. फिलिप रँडॉल्फ बुलेव्हार्ड म्हणतात. त्यावर त्यांच्या नावाचं उद्यानही आहे. रस्ता खूप काळ दुर्लक्षित राहिला हे दिसतंच, अलीकडे कुठे डागडुजी चालू आहे. लोकांच्या घरांचे फोटो न विचारता काढू नयेत.

याच वस्तीतल्या रँडॉल्फ यांच्या घरात एक विलक्षण रात्र घडली. एका कृष्णवर्णीय माणसाला तुरुंगातून ओढून काढून झुंडीने मारायचा बेत असल्याची बातमी आली. वडिलांनी कोटाखाली पिस्तूल खोचलं आणि इतर पुरुषांबरोबर तुरुंगावर पहारा द्यायला गेले. आई भरलेली बंदूक मांडीवर आडवी ठेवून दारात बसली. तिचा नेम चांगला होता. दोन मुलगे घरात, दिवा, आणि दारात आई. तुरुंगाबाहेर माणसं एकत्र उभी राहिली म्हणून झुंड परतली आणि कैदी वाचला. रँडॉल्फ पुढे आयुष्यभर अहिंसक मार्गाचेच राहिले, म्हणून ही गोष्ट सांगताना काहीजण आईची बंदूक गाळतात. गाळू नये. मुलाने त्या रात्रीतून बंदूक उचलली नाही, पण एकट्याला झुंड मारते आणि गटाला मारत नाही, हे उचललं.

आता कुकमन इन्स्टिट्यूट. इथे हमखास घोटाळा होतो. लोक 'कुकमन' ऐकून डेटोना बीचला बेथ्यून-कुकमन विद्यापीठ पाहायला धावतात आणि 'रँडॉल्फ इथे शिकले' म्हणून फोटो टाकतात. ते तिथे शिकले नाहीत. कुकमन इन्स्टिट्यूट १८७२ मध्ये मेथडिस्ट मिशनऱ्यांनी जॅक्सनविलमध्ये काढली. डेटोनातल्या मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या शाळेत ती १९२३ मध्ये विलीन झाली, आणि रँडॉल्फ तर १९०७ मध्येच तिथून बाहेर पडले होते. फ्लोरिडातली कृष्णवर्णीयांची पहिली उच्च शिक्षणसंस्था कोणती, या मानासाठी कुकमनचं नाव घेतात तसं जॅक्सनविलमधल्याच एडवर्ड वॉटर्सचंही घेतात. ही एएमई चर्चची संस्था १८६६ ची. हा वाद तिथल्या कुणाशी घालू नका, दोन्हीकडचे लोक मनावर घेतात.

कुकमनमध्ये आसा बेसबॉल खेळला, गायनवृंदात एकल गायला, नाटकात आणि वक्तृत्वात चमकला. १९०७ च्या तुकडीत पहिला आला आणि निरोपाचं भाषण त्यानेच केलं. लिली व्हिटनी आणि मेरी नेफ या उत्तरेकडून आलेल्या दोन गोऱ्या शिक्षिकांनी त्याच्या वाचनाला आणि उच्चारांना वळण लावलं. पुढे त्या आवाजाची ख्याती झाली.

आणि मग? वर्गात पहिला आलेला हा मुलगा विम्याचे हप्ते गोळा करत फिरला, औषधाच्या दुकानाची गाडी हाकली, लाकडाच्या वखारीत ओंडके रचले, रेल्वेच्या कामावर माती उपसली. एक-दोन महिने नव्हे, १९११ पर्यंत. शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला पाद्री, शिक्षक नाहीतर हमाल एवढेच रस्ते उघडे होते. घरच्यांना वाटत होतं त्याने पाद्री व्हावं. त्याला नट व्हायचं होतं. याच काळात त्याने कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' वाचलं आणि दक्षिणेत राहायचं नाही हे पक्कं केलं.

दुपारी भाड्याची गाडी परत करायची. पुढचा प्रवास अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेने, म्हणजे अ‍ॅमट्रॅकने. अ‍ॅमट्रॅकचं सध्याचं स्टेशन मध्यभागापासून नऊ-दहा किलोमीटर वायव्येला, औद्योगिक भागात आहे. ला व्हिलातलं १९१९ चं भव्य जुनं स्टेशन पाहून काहीजण तिथेच सामान घेऊन उभे राहतात. ती इमारत नंतर संमेलन केंद्र झाली, तिथे गाडी येत नाही. गाडी भाड्याने देणाऱ्याच्या कचेरीतून स्टेशनपर्यंत टॅक्सी लागते, हा खर्च धरून ठेवा. स्टेशनवर खायला यंत्रातल्या पाकिटांपलीकडे काही मिळेल असं समजू नका.

तिसरी रात्र आणि चौथा दिवस: 'सिल्व्हर मीटिअर'

रँडॉल्फ १९११ च्या वसंतात बोटीने न्यूयॉर्कला गेले. ती बोट आता नाही, म्हणून रेल्वे. 'सिल्व्हर मीटिअर' संध्याकाळी जॅक्सनविल सोडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत न्यूयॉर्कला पोचते, वेळेवर असेल तर. रूळ बहुतांश मालगाड्यांच्या कंपनीच्या मालकीचे, त्यामुळे दोन-तीन तास उशीर झाला तर आश्चर्य नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कहून पुढचं विमान ठेवू नये.

बसायच्या डब्यात थंडी फार असते, शाल घ्याच. शयनयानातली 'रूमेट' म्हणजे दोन माणसांची छोटी खोली: दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री त्यांचीच खालची बर्थ होते आणि वरची छतातून खाली येते. जेवण तिकिटात असतं. शाकाहारींनी आरक्षण करतानाच कळवावं.

बर्थ लावणारा परिचारक येतो तेव्हा त्याचे हात बघा. खुर्ची पुढे ओढायची, पाठ आडवी करायची, गादी पसरायची, चादर खोचायची, जाळी लावायची. हेच काम पुलमन पोर्टर रात्री डबाभर करायचा आणि पहाटे पुन्हा उलटं. प्रवासी त्याला 'जॉर्ज' म्हणायचे, कंपनीचे मालक जॉर्ज पुलमन यांच्यावरून, जसा गुलाम मालकाच्या नावाने ओळखला जाई.

हिशेब असा होता. १९२०च्या दशकाच्या मध्याला किमान पगार महिन्याला ६७.५० डॉलर. महिना भरायचा तो ४०० तास किंवा ११,००० मैल यावर. भागून पाहा, तासाला १७ सेंटही पडत नाहीत. त्यातून जेवण आणि बुटांचं पॉलिश स्वतःच्या खिशातून. टॉवेल हरवला तर कापून घेणार. आणि खरी मेख वेळेच्या मोजणीत. गाडी मध्यरात्री सुटणार असली तरी पोर्टर काही तास आधी हजर, डबा तयार करतोय, प्रवाशांना चढवून झोपवतोय. त्याचे तास मात्र गाडी हलल्यापासून मोजायचे. उरलेली भरपाई बक्षिसीतून, म्हणजे हसण्यातून. आजच्या परिचारकालाही बक्षिसी देतात, उतरताना हातात द्यावी.

रेल्वेप्रेमींसाठी: अ‍ॅमट्रॅकच्या एका शयनयानाला रँडॉल्फ यांचं नाव आहे, पण तो दुमजली सुपरलायनर डबा. न्यूयॉर्कच्या बोगद्यांतून ते जात नाहीत, तेव्हा या गाडीत शोधू नका. सकाळी वॉशिंग्टनला डिझेल इंजिन काढून विजेचं लावतात, गाडी बराच वेळ उभी राहते. युनियन स्टेशनमध्ये रँडॉल्फ यांचा ब्राँझचा पुतळा आहे. तो बघून येऊ म्हणून धावत सुटणाऱ्यांची गाडी चुकते. पुतळा हवाच असेल तर इथे उतरून पुढचा टप्पा वेगळ्या तिकिटावर करा.

पेन स्टेशनहून हार्लेमला २ किंवा ३ क्रमांकाची मेट्रो, उत्तरेकडे जाणारी, उतरायचं १३५ व्या रस्त्याला. १ क्रमांकाची धरलीत तर '१३७ वा रस्ता – सिटी कॉलेज' येतं. नाव ओळखीचं वाटतं, पण ते टेकडीच्या पलीकडे आहे आणि बॅगा घेऊन चढउतार नशिबी येतो. सामान टाकून थेट शोमबर्ग केंद्रात जा. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं हे मोठं संग्रहालय-ग्रंथालय रविवारी बंद असतं, म्हणून शनिवारी पोचायचं.

पाचवा दिवस, रविवार: हार्लेम

१३५ वा रस्ता आणि लेनॉक्स ॲव्हेन्यू. याच कोपऱ्यावर शिडीवर किंवा खोक्यावर उभं राहून वक्ते बोलत. ह्युबर्ट हॅरिसन या समाजवादी वक्त्याचं ऐकून रँडॉल्फही बोलू लागले. त्याआधी ते नट व्हायला बघत होते, शेक्सपिअरची नाटकं पाठ करून मंडळात सादर करत. घरी कळलं, आईवडिलांनी विरोध केला, नाटक सुटलं. आवाज उरला.

टेकडी चढून सिटी कॉलेज पाहून या. गडद दगडातली गॉथिक इमारत, शेपर्ड हॉल. तेव्हा इथे फी नव्हती. रात्रीच्या वर्गांत रँडॉल्फ वक्तृत्व, इतिहास, अर्थशास्त्र शिकले आणि समाजवाद्यांशी गाठ पडली ती इथेच.

दिवसा नोकऱ्या: लिफ्टचालक, हमाल, वेटर. न्यूयॉर्क ते फॉल रिव्हर चालणाऱ्या बोटीवर वेटर असताना वेटरांच्या झोपायच्या कोंदट जागेविरुद्ध त्यांनी माणसं जमवायला सुरुवात केली. कुणकुण लागताच काढून टाकलं. धडा सरळ होता: ज्याच्या पगारावर जगतो त्याच्याविरुद्ध संघटना बांधणारा पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर येतो. (ती बोटसेवा १९३७ मध्ये कायमची बंद पडली. पुलमन कंपनीने युनियनशी करार केला तेही वर्ष १९३७.)

दुसरा धडा १९१७ चा. हॉटेलांतल्या हेडवेटरांनी आपलं मासिक चालवायला रँडॉल्फ आणि त्यांचे मित्र चँडलर ओवेन यांना ठेवलं. या दोघांनी मासिकातच छापलं की हेडवेटर हाताखालच्या वेटरांना गणवेश चढ्या दराने विकतात आणि दुकानदाराकडून वाटा घेतात. कचेरी गेली. म्हणजे शोषण करणारा आपल्याच रंगाचा, आपल्याच संघटनेचाही असू शकतो. त्याच वर्षी दोघांनी 'द मेसेंजर' हे स्वतःचं मासिक काढलं, किंमत १५ सेंट. तोटा भरून काढायची पत्नी ल्युसिल, तिच्या केशभूषेच्या दुकानातून. हॉवर्ड विद्यापीठात शिकलेली, पूर्वी शिक्षिका होती. हार्लेममधल्या चळवळीचा पैसा कुठून आला विचारलं तर पहिलं उत्तर हे दुकान.

दुपारी सातव्या ॲव्हेन्यूने खाली १२९ व्या रस्त्यापर्यंत. कोपऱ्यावर सेलम चर्च. रँडॉल्फ तरुणपणी या मंडळीच्या युवक संघात जात, तेव्हा ती दुसरीकडे भरत असे. जायचे ते प्रार्थनेपेक्षा वादसभांसाठी. रविवारी हार्लेमच्या कुठल्याही चर्चमध्ये शिरणार असाल तर अर्ध्या चड्डीत जाऊ नका, उपासना चालू असताना फोटो काढू नका आणि मधेच उठून जाऊ नका. पर्यटकांच्या या तिन्ही सवयींना तिथले लोक कंटाळले आहेत.

१६० वेस्ट १२९ वा रस्ता, एल्क्स हॉलचा पत्ता. २५ ऑगस्ट १९२५ ला इथे सुमारे ५०० पोर्टर जमले. ॲश्ली टॉटन या पोर्टरने रँडॉल्फ यांना गाठलं होतं, कारण त्यांना नोकरीवरून काढणं पुलमन कंपनीच्या हातात नव्हतं. सभेत कंपनीचे हेर असणार हे ठाऊक होतं, म्हणून पोर्टरांनी तोंड उघडायचं नाही असं ठरलं. बोलायचं काम बाहेरच्याचं. करार व्हायला पुढे बरोबर बारा वर्षं लागली, २५ ऑगस्ट १९३७. महिन्याचे ४०० तास २४० वर आले.

सहावा दिवस, सोमवार: ११७ वा रस्ता ते साउथ फेरी

सातवा ॲव्हेन्यू आणि सेंट निकोलस ॲव्हेन्यू जिथे भेटतात तिथे, ११७ व्या रस्त्यापाशी ए. फिलिप रँडॉल्फ चौक आहे. छोटा त्रिकोण, काही झाडं, बाक. इथून ११६ व्या रस्त्याने पश्चिमेला चालत मॉर्निंगसाइड पार्क गाठा आणि कड्यावरच्या दगडी पायऱ्या चढा. गुडघे दुखत असतील तर बसने वळसा घ्यावा, पायऱ्या पुष्कळ आहेत. वर कोलंबिया विद्यापीठ. जुलै १९१३ ते १९१६ डॉ. आंबेडकर इथे शिकत होते. कड्याखाली त्याच वर्षांत रँडॉल्फ वेटरचं काम करून रात्री शिकत होते. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. पण बाहेरच्यांना आवारात प्रवेश अलीकडे बरेचदा बंद असतो. आधी चौकशी करूनच जा, फाटकावरच्या रक्षकाच्या हातात काही नसतं.

कड्यावर उभं राहून मनमाड आठवावं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला तिथे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, रँडॉल्फ यांच्या करारानंतर सहा महिन्यांनी. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेब त्या सभेत म्हणाले. त्यांनी मांडलेली एक तक्रार अशी: अस्पृश्य माणूस गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि सवर्ण मास्तराला त्याचा विटाळ होतो. अमेरिकेत पुलमन पोर्टर कृष्णवर्णीयच हवा, कारण गोऱ्या प्रवाशाला सेवक तसाच हवा. इकडे अस्पृश्य पोर्टर नको. काम एकच, रेल्वेच, आणि बंदी अगदी उलट्या टोकाची.

शेवटची फेरी ११६ व्या रस्त्यावरून १ क्रमांकाच्या मेट्रोने. रँडॉल्फ आणि ल्युसिल यांचं लग्न झालं तेव्हा मधुचंद्राला पैसे नव्हते. दोघं हार्लेमहून उघड्या ट्राममध्ये बसले, मॅनहॅटनच्या टोकाला साउथ फेरीपर्यंत गेले आणि त्याच ट्रामने परत आले. इथे बाकं वेगळी नव्हती. ट्राम गेल्या, मेट्रो शेवटच्या स्थानकापर्यंत तिथेच नेते, पाऊण तासात. १२५ व्या रस्त्याच्या आसपास ती जमिनीवर पुलावरून धावते. तो तुकडा पाहायचा असेल तर आधी एक स्थानक उत्तरेला जाऊन तिथून बसावं. साउथ फेरीला फलाटावरच थांबून परतीची गाडी धरली तर एकाच भाड्यात काम होतं. समुद्र बघायला बाहेर पडलात तर परत पैसे पडतात.